मामा, जेट्स आणि नंबर १९९

रात्रीचा दीड वाजला होता. प्रोजेक्टचा रिपोर्ट अर्धवट पडला होता आणि रूम पार्टनर मस्त घोरत होता. घोरणारच हो! पहिल्या दिवशी पहिल्याच कंपनीत सिलेक्ट झालेला माणूस तेव्हापासून असाच घोरतोय. अस्मादिकांचं नाव मात्र चार कंपन्यांच्या चार याद्यांत कुठेच नव्हतं. अशा शुभमुहूर्तावर न्यू जर्सीहून मामाचा फोन आला.

मामाची ओळख करून द्यायलाच हवी, कारण तो आपल्याच कॉलेजचा, मेकॅनिकलचा, आणि आपल्याच हॉस्टेलचा. (त्याच्या वेळीसुद्धा गरम पाणी सकाळी सहानंतर संपायचं, त्यामुळे परंपरा जुनी आहे.) १९९८ साली तो अमेरिकेला गेला आणि तिथे जाऊन त्याने काय करावं? न्यूयॉर्क जेट्सच्या प्रेमात पडला! हा संघ सुपर बोल जिंकला तो एकदाच, जानेवारी १९६९ मध्ये. त्यानंतर अंतिम सामन्याचं तोंडही पाहिलेलं नाही. मामाचा पोरगा शिकायला बोस्टनला गेला आणि तिथे न्यू इंग्लंड पेट्रियट्सचा झाला. दोन्ही संघ एकाच गटातले, दर वर्षी दोनदा एकमेकांच्या उरावर बसणारे. म्हणजे घरातच भारत-पाकिस्तान.

"काय रे, इंजिनिअर ना तू? मग हिशेब मांडून दे," मामा म्हणाला. "२००० सालच्या ड्राफ्टमध्ये कोण जिंकलं, जेट्स की पेट्रियट्स? आमचे चिरंजीव म्हणतात ब्रेडी, विषय संपला. मला ते मान्य नाही."

वाचकहो, हा फुटबॉल म्हणजे मेस्सीचा नव्हे. हेल्मेट घालून अंडाकृती चेंडूसाठी मारामारी करतात तो. ड्राफ्ट म्हणजे कॉलेजातून बाहेर पडणाऱ्या खेळाडूंची वाटणी. आयपीएलसारखी बोली नसते, नंबर असतो. आदल्या वर्षी तळाला असलेला संघ आधी निवडणार, विजेता शेवटी, अशा सात फेऱ्या. आपल्या कॅप राउंडच्या बरोबर उलटं, म्हणजे पोराला कोणी विचारतच नाही. आणि हे नंबर संघ आपसांत विकतातसुद्धा. खेळाडूच्या बदल्यात नंबर, नंबराच्या बदल्यात नंबर, आणि प्रसंगी कोचच्या बदल्यातही!

ती कोचची भानगडच मोठी सही आहे. ४ जानेवारी २००० रोजी बिल बेलिचिक जेट्सचा मुख्य कोच म्हणून पत्रकारांसमोर येणार होता. तो आला, आणि त्याने राजीनामा दिला. एका दिवसाची नोकरी! (आमच्यापैकी काहींना ती एका दिवसाचीसुद्धा मिळेना, पण असो.) त्याला जायचं होतं पेट्रियट्सकडे. जेट्स म्हणाले, खुशाल ने, पण किंमत मोज. शेवटी पेट्रियट्सनी आपला पहिल्या फेरीचा १६ नंबर, आणि वर आणखी काही, जेट्सना दिलं.

जेट्सनी केशॉन जॉन्सन हा आपला स्टार टॅम्पा बे संघाला देऊन आणखी दोन नंबर मिळवले होते. एप्रिलमध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये ड्राफ्ट भरला, तेव्हा जिथे एका संघाच्या वाट्याला पहिल्या फेरीत सहसा एक खेळाडू येतो, तिथे जेट्सनी चार घेतले. पेट्रियट्सकडून आलेला १६ नंबर पुढे सरकवून १२व्यावर शॉन एलिस, १३ला जॉन अब्राहम, १८ला क्वार्टरबॅक चॅड पेनिंग्टन, २७ला अँथनी बेक्ट. पेट्रियट्सची पहिली पाळी आली तेव्हा ४५ जण उचलून झाले होते. ४६वा एड्रियन क्लेम त्यांनी घेतला, त्याच्या दुखापतीच जास्त झाल्या.

क्वार्टरबॅक म्हणजे चेंडू हातात घेऊन कुठे फेकायचा ते ठरवणारा, थोडक्यात संघाचा मेंदू. त्या वर्षी असे सहा क्वार्टरबॅक निवडले गेल्यावर, सहाव्या फेरीत, १९९ नंबरवर पेट्रियट्सनी सातवा घेतला. टॉम ब्रेडी. स्वतः पेट्रियट्सनीच त्याआधी सहा वेळा त्याला सोडून दुसऱ्याला घेतलं होतं, तेव्हा 'आम्ही हिरा ओळखला' वगैरे म्हणायची सोय नाही.

मी एक्सेल उघडलं. रिपोर्ट गेला खड्ड्यात.

पहिला कॉलम: एका वर्षानंतर. २००० च्या मोसमात जेट्सनी ९ सामने जिंकले, पेट्रियट्सनी ५. ब्रेडी वर्षभरात एका सामन्यात उतरला, तीनदा चेंडू फेकला, त्यातला एक पोचला. मिळकत सहा यार्ड. जेट्स पास, पेट्रियट्सना केटी.

दुसरा कॉलम. २३ सप्टेंबर २००१, जेट्स विरुद्ध पेट्रियट्स. जेट्सच्या मो लुइसने पेट्रियट्सचा क्वार्टरबॅक ड्रू ब्लेडसो याला असा काही धडकून पाडला, की बिचाऱ्याच्या छातीत रक्तस्राव झाला. त्याच्याशी त्याच वर्षी संघाने दहा वर्षांचा करार केला होता, म्हणजे त्याची जागा पक्की. पण आता तो आडवा, म्हणून ब्रेडी उभा. तो सामना जेट्सच जिंकले, १०-३. मामा त्या रात्री मित्रांना जेवायला घेऊन गेला होता म्हणे. आणि फेब्रुवारी २००२ मध्ये पेट्रियट्स सुपर बोल जिंकले.

इथे चिरंजीव म्हणतात, बघा. पण मामा म्हणतो, थांब. २००२ चा मोसम बघ. जेट्स एक जिंकून तीन हरले होते, तेव्हा पेनिंग्टनच्या हातात चेंडू दिला. त्याने गट जिंकून दिला. जेट्स, पेट्रियट्स, मायामी तिघांचेही नऊ-नऊ विजय झाले, नियमांच्या बारकाव्यात जेट्स वर निघाले आणि पेट्रियट्स घरी बसले. जानेवारी २००३ मध्ये जेट्सनी इंडियानापोलिसला ४१-० धुतलं. त्या आठवड्यात जर कोणी विचारलं असतं, १८ नंबर भारी की १९९, तर निम्म्या लोकांनी तरी पेनिंग्टन म्हटलं असतं. आणि ते मूर्ख ठरले नसते.

मग त्याचा खांदा गेला. एकदा नाही, लागोपाठ. तरी २००८ मध्ये जेट्सनी त्याला सोडल्यावर तो मायामीला गेला आणि जेट्सच्या नाकावर टिच्चून गट जिंकला.

तिसरा कॉलम: सगळा मिळून हिशेब. अब्राहम पाच वेळा प्रो बोलला, म्हणजे तिथल्या निवडक खेळाडूंच्या सामन्याला गेला. एलिस दोनदा. तिसऱ्या फेरीतला लॅव्हेरानस कोल्स एकदा. जेट्सनी २००६ मध्ये अब्राहमला अटलांटाला दिलं, त्या बदल्यात मिळालेल्या नंबरवर निक मॅन्गोल्ड आला आणि तोही वर्षानुवर्षं टिकला. पेट्रियट्सनी त्या वर्षी घेतले दहा. ब्रेडी सोडला तर बाकी नऊ जणांचं खातं याच रकान्यात शून्य. सरासरी काढा, बेरीज काढा, ब्रेडीला बाजूला ठेवून काहीही काढा, जेट्सच पुढे. आणि ब्रेडीला आत घेतलं की पंधरा वेळा प्रो बोल आणि सात सुपर बोल, अख्खी शीट कोलमडते. स्टॅटिस्टिक्सच्या सरांनी अशा आकड्याला आउटलायर म्हणून वगळायला शिकवलं होतं. पण ट्रॉफ्या वगळणार कशा?

मला खरा राग आला तो याच आकड्याचा. आमच्या सॉफ्ट स्किल्सच्या सेशनमध्ये एक पाहुणे येऊन गेले, त्यांच्या स्लाइडवर हाच ब्रेडी होता. "१९९ वा होता, तरी बघा! तुम्ही पण धीर सोडू नका." चार याद्यांत नाव नसलेल्या पब्लिकने टाळ्याही वाजवल्या. मी पण वाजवल्या. त्या रात्री मी सहाव्या फेरीची अख्खी यादी वाचली. एकूण २५४ पोरं निवडली गेली होती त्या वर्षी. १९९ च्या मागची-पुढची नावं वाचत गेलो आणि एकही ओळखीचं निघेना. मामालाही त्यातली दोन-तीनच आठवली, आणि तो तर तेव्हा रोज पेपर चघळत होता. त्यांची स्लाइड कोणी करत नाही. शिवाय मो लुइस थोडा हळू धावला असता तर ब्रेडीची तरी कोणी केली असती का, देव जाणे.

खरं सांगायचं तर मला पेनिंग्टनच आवडला. योग्य नंबरवर आला, पाळी आल्यावर नीट खेळला, खांदा फाटल्यावर परत उभा राहिला. फक्त शेजारच्या गावात त्याच वर्षी भलताच कोणीतरी निघाला. रूम पार्टनरकडे बघून मला हे जरा जास्तच पटलं, हे कबूल करतो.

अडीचच्या सुमाराला शीट फॅमिली ग्रुपवर टाकली. खाली लिहिलं: निवड जेट्सची चांगली, फळ पेट्रियट्सचं. बोस्टनहून उत्तर आलं, सात अंगठ्यांची चित्रं, शब्द एकही नाही. मामाने लगेच ठोकलं, "सहाच. सातवी टॅम्पा बेची." मग त्याचा परत फोन.

"एक राहिलं बघ तुझ्या शीटमध्ये. जानेवारी २०११, त्यांच्याच मैदानावर आपण त्यांना प्लेऑफमध्ये २८-२१ हरवलं. ब्रेडीला आडवा करणाऱ्यांत एलिस होता. बेलिचिकच्या बदल्यात आलेल्या नंबरातून घेतलेला एलिस!"

"मग पुढे?"

"पुढे काय, त्याच वर्षी तो पेट्रियट्सकडे गेला." मामा थोडा वेळ गप्प झाला. "बरं, तुझं काय झालं रे?"

"उद्या पाचवी कंपनी आहे."

"टेस्ट किती वाजता?"

"नऊला."

"आणि तू अडीच वाजता मला एक्सेल पाठवतोयस? झोप की गाढवा!"