उमरेड ते धोबीतलाव, व्हाया काफी

उमरेडहून नागपूरला जाताना एसटीच्या पुढे कोळशाचा ट्रक लागला, की घड्याळाकडे बघणं सोडून द्यायचं. मला संध्याकाळची विदर्भ एक्स्प्रेस गाठायची होती. मुंबईत एनसीपीएच्या सभागृहात जॅझची मैफल होती. आईनं विचारलंच होतं, "एवढ्या लांब बाजा ऐकायला चालला का?"

खरं तर हा बाजा नागपूरला अगदीच परका नाही. इथल्या शंकरराव सप्रे यांच्या श्रीराम संगीत विद्यालयात गायक वसंतराव देशपांडे शिकले आणि रामचंद्र चितळकर नावाचा मुलगाही. हा मुलगा पुढे संगीतकार सी. रामचंद्र झाला. भगवानदादांच्या 'अलबेला'ची (१९५१) गाणी त्याची. त्या गाण्यांत जो ट्रम्पेट आणि ठेका आहे, त्यामागे चिक चॉकलेट हा साथीदार होता. मूळचा गोव्यातल्या हळदोण्याचा अँटोनियो झेवियर वाझ. अमेरिकन ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँगवर त्याची भक्ती. म्हणजे जॅझचा शिडकावा आपल्या कानांवर केव्हाच झालेला आहे, फक्त नाव माहीत नव्हतं.

गाडीत बडनेऱ्यानंतर समोरच्या काकांनी विचारलं, "काय ऐकून राहिले भाऊ?" काका वेकोलि या कोळसा कंपनीतून निवृत्त, गावच्या भजनी मंडळात पेटी वाजवणारे. एक इयरफोन त्यांच्या कानात दिला. ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या 'काइंड ऑफ ब्लू' (१९५९) या तबकडीतलं पहिलं वादन, 'सो व्हॉट', सुरू होतं. पॉल चेंबर्सचा डबल बास काहीतरी विचारतो आणि बाकीचे दोन सुरांत उत्तर देतात. काकांची बोटं मांडीवर चालू लागली.

"हे तं काफी वाटून राहिलं."

बरोबर होतं. पांढरी दोनला सा धरून नुसत्या पांढऱ्या पट्ट्या वाजवल्या, की गंधार-निषाद कोमल असलेला काफी थाट मिळतो. या रचनेचा पाया तोच. तेवढ्यात काका दचकले. "अरे, सा सरकला न!"

तेही बरोबर. चार मात्रांचा एक बार धरला, तर सोळा बार पांढरी दोनवर काढून सगळा संच अर्धा सूर वर, काळी दोनवर जातो. तिथं आठ बार राहून पुन्हा खाली येतो आणि आठ बार वाजवतो. हे बत्तीस बारांचं आवर्तन. आधी सगळे मिळून मुखडा वाजवतात, मग एकेक जण त्याच आवर्तनावर आयत्या वेळी सुचेल ते मांडतो, शेवटी पुन्हा मुखडा. आपल्याकडे तंबोरा एकाच सा वर ठाम असतो. जॅझमध्ये पायाखालची सतरंजीच सरकत राहते आणि तिच्यावर तोल सांभाळत वाजवायचं असतं. हीच त्याची गंमत.

मूर्तिजापूर आलं. वसंतरावांचं जन्मगाव. त्यांची तान कुठून उठेल आणि समेवर कशी येईल, याचा अंदाज लागत नसे. डेव्हिसचे मोजके सूर संपून जॉन कोल्ट्रेनचा सॅक्सोफोन सुरू झाला, तेव्हा काकांनी मान हलवून दाद दिली. या कोल्ट्रेननं रविशंकरांवरून मुलाचं नाव रवी ठेवलं, हे सांगितल्यावर तर ते खूशच झाले.

सकाळी सीएसएमटीहून चालत धोबीतलावला गेलो. इथल्या जेर महालात गोव्यातल्या गावांचे कूड आहेत, म्हणजे गाववाल्यांच्या सामायिक खोल्या. चर्चच्या शाळांत नोटेशन वाचायला शिकलेले गोव्याचे वादक मुंबईत रात्री हॉटेलांत जॅझ आणि दिवसा सिनेमाच्या स्टुडिओत गाणी वाजवत. ताजमहाल हॉटेलात १९३५मध्ये लिऑन ॲबी आपला कृष्णवर्णीय अमेरिकन वाद्यवृंद घेऊन आला, तेव्हापासून शहराला या संगीताची चटक लागली. जवळच झेवियर्स कॉलेजच्या बाजूला रंगभवन आहे. १९७८मध्ये निरंजन झवेरींनी इथं 'जॅझ यात्रा' हा महोत्सव भरवला आणि सॅक्सोफोनवादक सॉनी रोलिन्स उघड्या आकाशाखाली वाजवून गेला.

रात्रीच्या मैफलीत मी एकच केलं. मुखडा मनात गुणगुणत राहिलो आणि वादक कितीही दूर गेला तरी आवर्तन सोडलं नाही. पियानोवाल्यानं मध्येच एक तुकडा टाकला, ड्रमरनं तो तसाच उचलून परत केला, आणि दोघंही हसले. आधी ठरलेलं त्यात काही नव्हतं.

नव्यानं ऐकणाऱ्यांनी 'अलबेला'पासून सुरुवात करावी. मग आर्मस्ट्राँगचं 'वेस्ट एंड ब्लूज' (१९२८), मग डेव्ह ब्रूबेकच्या संचाचं 'टेक फाइव्ह'. त्याच्या पाच मात्रा झपतालाला सरावलेल्या कानाला जड जात नाहीत. 'काइंड ऑफ ब्लू' त्यानंतर, तीही एका बैठकीत. पहिल्यांदा नुसता बास ऐका, दुसऱ्यांदा सॅक्सोफोन. घरात पेटी असेल तर जवळ घेऊन बसा.