कानाच्या मापाने शिंग

जिवंत सांबराच्या शिंगांची लांबी कोणी इंचांत सांगू लागले की मी विषय बदलतो. दोन-चार क्षण दिसलेला, निम्मा बांबूच्या बेटाआड उभा असलेला नर, आणि म्हणे अडतीस इंच! इंच हे मेलेल्या जनावराचे माप. ते शिकाऱ्यांनी रूढ केले आणि त्यांना ते शोभतही होते, कारण अंदाज खरा की खोटा हे त्यांना तासाभरात टेप लावून कळायचे. आमच्यासारख्या, दुर्बीण आणि नोंदवही घेऊन फिरणाऱ्यांना ती सोय नाही.

मी फिरतो ते आजचे गडचिरोली १९८२ पर्यंत चांदा म्हणजे चंद्रपूर जिल्ह्यात होते आणि तो जिल्हा इंग्रजी अमदानीत मध्य प्रांतात होता. फोर्साइथचे १८७१ चे पुस्तक आणि वनाधिकारी डनबार ब्रँडरचे १९२३ चे पुस्तक, दोन्ही याच मध्य प्रांताच्या रानांवर आहेत. लंडनच्या रोलंड वॉर्डने १८९२ मध्ये विक्रमी शिंगांची नोंदपुस्तिका काढली आणि शिकाऱ्यांच्या डोक्यात माप शिरले. बुडापासून टोकापर्यंत, बाहेरच्या बाकाने टेप फिरवायची. परवान्यावर ठरावीक जनावरेच मारता येत, म्हणून बार टाकण्याआधी शिंग जोखणे भागच होते. त्या गरजेतून एक कसब तयार झाले. शिकार गेली तरी ते कसब टाकून देण्यासारखे नाही.

त्याचे मर्म एवढेच, की शिंगाकडे बघायचे नाही. आधी कान, मग तोंड, मग खांदा बघायचा आणि शेवटी शिंग. अमेरिकेतले पांढऱ्या शेपटीच्या हरणाचे शिकारीही कानच धरतात. सावध उभ्या नराच्या दोन कानांच्या टोकांमध्ये सुमारे सोळा इंच अंतर असते, शिंगे त्याच्या बाहेर किती गेली ते बघायचे. पण त्या हरणाची शिंगे पुढे वळतात आणि त्यांवर फाटे उभे राहतात, म्हणून समोरून पाहिले तरी पुष्कळ कळते. आपल्या चितळाचे तसे नाही. त्याचा दांडा आधी मागे-बाहेर जातो आणि मग वर वळतो. समोरून रुंदी दिसते, लांबी लपते. चितळ आडवा मिळेपर्यंत थांबावे. पूर्ण वाढलेल्या, उमद्या नराचे शिंग त्याच्या स्वतःच्या खांद्याच्या उंचीला येते. ही उंची ८५-९० सेंमी धरा. कपाळावरचा फाटा आणि वर दुभंगलेला दांडा, अशी एका शिंगाला तीन टोके असतात. सांबरालाही तीनच. त्यामुळे टोके मोजून मोठेपणा ठरवायची युरोपी रीत इथे चालत नाही. सांबराच्या बाबतीत मी दांड्याची जाडी आणि कपाळाच्या फाट्याची लांबी आधी बघतो. कोवळ्या नराचे शिंग लांब असू शकते, पण बुडाशी भरलेले नसते.

डोळा फसतो तो ठरलेल्या जागी. पाठमोऱ्या, पळणाऱ्या नराची शिंगे हमखास मोठी वाटतात. उन्हाळ्यात रोडावलेल्या अंगावर मध्यम शिंगही भारी दिसते. उलट हिवाळ्यात माजावर आलेल्या सांबराच्या मानेवर आयाळीसारखे केस दाटतात आणि त्या मानेपुढे चांगले शिंगही बारके दिसते. वाढत्या शिंगांवर लवदार कातड्याची मखमल चढलेली असली तर जाडीचा अंदाज करूच नये.

ऋतूचे गणित न कळलेला माणूस तर रोज फसेल. आपल्याकडे सांबर साधारण उन्हाळ्यात शिंगे गाळतो, पावसाळाभर मखमलीत वाढवतो आणि हिवाळ्यापर्यंत घासून टणक करतो. चितळाचे चक्र जवळजवळ उलटे. त्याचा ऐन भर उन्हाळ्यात असतो, आणि तरीही कळपात मखमलीतला, टणक शिंगांचा आणि बोडका असे तिन्ही नर एकाच दिवशी दिसू शकतात. नाताळात सफारीला येणारे पाहुणे मखमलीतल्या चितळाला पिल्लू समजतात. त्यांना दोष कसा द्यायचा, गाइडही पुष्कळदा तेच सांगतो.

गडचिरोलीतल्या हेमलकशाकडच्या रानात ताडोबासारखे रस्त्याकाठी चरणारे कळप मिळत नाहीत. इथे जनावर अंगभर दिसणे हीच चैन, म्हणून खुणांवरून जोखावे लागते. मी एका म्हाताऱ्या माडिया वाटाड्याला विचारले होते, दादा, शिंगे केवढी असतील? त्यांनी ओल्या मातीतल्या खुराच्या ठशावर बोटे टेकवून रुंदी दाखवली, मग चार पावलांवरचे एक झाड दाखवले. बुंध्याची साल कमरेच्या वर सोलली होती, खालची लाकडाची पांढरी धार अजून ओलसर होती आणि चिकावर राठ केस चिकटले होते. बारकी रोपटी कोणताही नर घासतो. असा मांडीएवढा बुंधा तो छातीच्या उंचीवर घासत असेल तर जनावर थोर. चितळ आणि सांबर मागच्या पायांवर उभे राहून वरच्या फांद्यांतही शिंगे घासतात, तेव्हा उंचावरच्या मोडलेल्या डहाळ्यांवरून फार हिशेब करू नये. मांसासाठी धनुष्यबाण घेऊन निघणाऱ्यांच्या या रानात शिंगाला नुसते शिंग म्हणून मोल नव्हते. इंद्रावतीपलीकडे बस्तरात नाचाच्या शिरोभूषणाला शिंगे लागतात ती गव्याची, जी तो कधी गाळत नाही.

डोळा पक्का करायचा तर पिंजऱ्याजवळ करावा. हेमलकशातच १९७३ साली सुरू झालेल्या लोकबिरादरी प्रकल्पाच्या प्राण्यांच्या अनाथालयात हरणे हातभर अंतरावरून बघता येतात. कान आणि शिंग यांचे प्रमाण तिथे डोळ्यांत बसले की जंगलातला क्षणभराचा नरही वाचता येतो. ताडोबाच्या प्रवेशद्वारापाशी ताटकळत बसण्यापेक्षा हा गृहपाठ बरा.

अंदाज ताडून बघायचा दुसरा मार्ग म्हणजे गळलेले शिंग. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते उचलून दिवाणखान्यात लावायची सोय राहिलेली नाही, आणि राहू नये. जागेवरच टेप लावावी, फोटो घ्यावा, तसेच ठेवावे. लवकर मापलेले बरे, कारण साळिंदराला चुन्याची आणि फॉस्फरसची भूक असते. ते शिंगाची टोके कुरतडून त्यावर दातांच्या समांतर रेघा ओढते आणि लांबी बोटभर कमी करते. जोडीतले दुसरे शिंग बहुधा त्याच जागी सापडत नाही, कारण दोन्ही एकदम गळतातच असे नाही. एकाची लांबी दुपटीने लिहिणारे महाभाग मी पाहिले आहेत.

माझ्या नोंदवहीत इंचांचा रकाना नाही. बोडका, बिनफाट्याची सुळ्यासारखी शिंगे, कोवळी मखमल, टणक पण कानाच्या दुपटीपेक्षा कमी, टणक आणि तोंडाच्या तिपटीजवळ, एवढेच वर्ग आहेत. कळपात शेवटच्या वर्गातले नर सलग दोन-तीन हिवाळे-उन्हाळे दिसले नाहीत तर मी कारण शोधायला लागतो: चारा, फासे, की रानकुत्री. म्हातारपणी शिंगे पुन्हा खुजी होतात, हेही लक्षात ठेवावे लागते. म्हणून शिंगावरून वय सांगायचे झाले तर ‘तरुण’ आणि ‘भरातला’ याच्या पुढे मी जात नाही. नेमके वय हवे असेल त्याने दात बघावेत, आणि जिवंत नर दात दाखवायला थांबत नाही.