माळ ओसाड नसतो

मोडनिंबहून मोहोळमार्गे सोलापूर गाठावे आणि तेथून बार्शीच्या रस्त्याला लागावे. वीसएक किलोमीटरवर नान्नज लागते. द्राक्षबागायतदारांना हे गाव ‘सोनाका’ द्राक्षामुळे ठाऊक आहे. गावाजवळच्या माळावर मात्र आणखी एक पाहण्याजोगी जागा आहे. ती म्हणजे माळढोक पक्ष्यांचे अभयारण्य.

अभयारण्य म्हटले की डोंगर, गर्द झाडी आणि वाघ डोळ्यांपुढे येतात. येथे त्यातले काहीच नाही. मुरमाड जमीन, वीतभर माती, कुसळी-पवन्याचे गवत आणि मधूनमधून बोरी-बाभळी. असे माळ आपल्या माढा तालुक्यातही आहेत. आपण त्यांना पडीक म्हणून मोकळे होतो. पण दिवस उगवताना येथे तासभर गप्प बसून पाहावे. काळविटांचा कळप चरत येतो. चंडोल उंच जाऊन गातो. धाविक पक्षी तुरुतुरु पळतो. हिवाळ्यात उत्तरेकडून आलेले भोवत्या पक्षी गवतावरून तरंगत टोळ आणि उंदीर टिपतात. खोकड आणि लांडगाही याच माळाचे रहिवासी.

या सगळ्यांत थोर माळढोक. नर मीटरभर उंच आणि वजनाने १५ किलोपर्यंत भरतो. नाकतोडे, भुंगेरे, सरडे, बोरे, धान्य हे त्याचे खाणे. मादी घरटे बांधत नाही. पावसाळ्यात उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालते. कुत्र्याने ते फोडले किंवा नांगराखाली गेले, तर हंगाम वाया गेलाच म्हणायचे. शिवाय अंग जड आणि समोरचे नीट दिसत नाही, त्यामुळे उडताना विजेच्या तारांवर आदळूनही हे पक्षी मरतात.

हे अभयारण्य १९७९ साली झाले. सोलापूर आणि तेव्हाचा अहमदनगर, म्हणजे आताचा अहिल्यानगर, या दोन जिल्ह्यांत मिळून ते सुमारे ८,५०० चौरस किलोमीटर होते. त्यात शेतकऱ्यांची शिवारे आणि गावेही आली. जमिनीचे व्यवहार व कामे अडली आणि माळढोक म्हणजे अडचण, असे लोकांना वाटू लागले. पुढे क्षेत्र सुमारे १,२२० चौरस किलोमीटरवर आणले. दरम्यान कालव्याचे व विहिरींचे पाणी आले आणि पुष्कळ माळांचा ऊस झाला. पाणी आले तर कोण पीक घेणार नाही? त्यात शेतकऱ्याला बोल लावता येत नाही. पण आज नान्नजला माळढोक दिसला तर त्याची बातमी होते. देशात उरलेले बहुतेक पक्षी राजस्थानात आहेत.

माळढोक गेला तरी माळ अजून आहे. मेंढ्यांना चारा तोच देतो, पावसाचे पाणी तोच मुरवतो. म्हणून गावच्या गायरानात सरसकट झाडे लावण्याआधी किंवा मुरूम उपसण्याआधी थोडे थांबावे. उन्हाळ्यात गवत पेटवू नये. जमिनीवर अंडे दिसले तर हात न लावता तेवढी जागा सोडून नांगर फिरवावा. एवढे आपल्या हातचे आहे.