वंशावळीचा हिशेब सांगणारा व्यवसाय

पुणे-नाशिक महामार्गावरील कळंब हे आंबेगाव तालुक्यातील गाव. अशा गावांतील व्यापारी घराण्यांत मुलांच्या शिक्षणाच्या वाटा बहुधा ठरलेल्या असतात. वाणिज्य शाखा, सनदी लेखापाल, फार्मसी; आणि विज्ञानाची पदवी घेतली तर पुढे काय, हा प्रश्न. मुलींच्या बाबतीत त्याचे उत्तर पुष्कळदा स्थळे पाहण्यात शोधले जाते. वास्तविक जीवशास्त्राची गोडी असणाऱ्यांसाठी आणखी एक वाट आहे आणि तिचा संबंध सोयरिकीशीही येतो. ती वाट म्हणजे जनुकीय समुपदेशन.

एखादा आजार पिढ्यान्‌पिढ्या कसा उतरतो, तो होण्याचा संभव किती आणि कोणते उपाय उपलब्ध आहेत, हे कुटुंबाला समजेल अशा भाषेत सांगणे, हे या व्यवसायाचे काम. अमेरिकेतील शेल्डन रीड यांनी 1947 मध्ये या कामाला हे नाव दिले. 1969 मध्ये न्यूयॉर्कजवळील सारा लॉरेन्स कॉलेजात त्याचा पहिला पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू झाला.

महाराष्ट्रालाही हा विषय नवा नाही. डॉ. एल. डी. संघवी आणि डॉ. व्ही. आर. खानोलकर यांनी मुंबईतील आपापसांतच विवाह करणाऱ्या सहा समूहांच्या आनुवंशिक गुणांचा अभ्यास 1949 मध्ये प्रसिद्ध केला. डॉ. वाय. एम. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1952 मध्ये ‘बॉम्बे रक्तगट’ जगापुढे आणला. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयाच्या आवारातील राष्ट्रीय संस्थेत थॅलेसेमिया, सिकलसेल अशा रक्तविकारांवर दीर्घकाळ काम चालले आहे.

व्यापारी समाजाने विशेष लक्ष द्यावे असा विषय थॅलेसेमियाचा. गोत्र टाळल्याने जवळचे नाते टळते. परंतु विवाह मर्यादित समाजातच होत असतील, तर दूरच्या एकाच पूर्वजाकडून आलेला दोष दोन्ही घरांत असू शकतो. थॅलेसेमिया मायनर असलेली व्यक्ती सामान्य आयुष्य जगते. कित्येकदा तिला केवळ रक्त कमी आहे असे समजून लोहाच्या गोळ्या दिल्या जातात. मात्र पती-पत्नी दोघेही मायनर असतील, तर प्रत्येक गर्भधारणेत मूल मेजर होण्याचा संभव 25 टक्के, मायनर होण्याचा 50 टक्के आणि पूर्ण निर्दोष असण्याचा 25 टक्के असतो. येथे खतावणीचा नियम लागू पडत नाही. पहिल्या अपत्याला आजार झाला म्हणून पुढील तिघांचे खाते चुकते होत नाही. प्रत्येक वेळी हिशेब नव्याने सुरू होतो. मेजर मुलाला सामान्यतः दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त द्यावे लागते आणि शरीरात साठणारे लोह काढण्याची औषधेही घ्यावी लागतात.

विवाहापूर्वी एका रक्ततपासणीने हे कळू शकते. तरीही घरे गप्प राहतात, कारण स्थळ मोडेल ही भीती असते. आणि मूल आजारी निघाले की दोष सुनेच्या माथी येतो. वास्तविक मेजर अपत्याला एक सदोष जनुक आईकडून आणि एक वडिलांकडून मिळालेले असते. तपासणी आधी झाली नाही, तर तोच प्रश्न गर्भारपणात उभा राहतो. गर्भ ठेवावा की नाही, हा विचार अहिंसा मानणाऱ्या कुटुंबाला किती जड जात असेल, हे सांगावयास नको. वाङ्‌निश्चयाआधीची तपासणी ती वेळ टाळू शकते. दोघांपैकी एकच मायनर असेल, तर त्या विवाहातून मेजर अपत्य होण्याची भीती नसते, हेही कोणीतरी अधिकाराने सांगावे लागते.

हे सांगण्याचेच शिक्षण दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात मिळते. आनुवंशशास्त्र, संभाव्यतेचे गणित, तीन पिढ्यांची वंशावळ मांडणे, मानसशास्त्र, नीतिविचार आणि रुग्णालयातील प्रत्यक्ष अनुभव असे त्याचे स्वरूप असते. भारतात हैदराबाद, मणिपाल अशा मोजक्या ठिकाणी ही सोय आहे. कायद्याचे ज्ञानही आवश्यक असते. गर्भलिंगनिदानाविरुद्ध महाराष्ट्राने 1988 मध्ये देशात प्रथम कायदा केला. 1994 च्या केंद्रीय कायद्यानुसार जनुकीय समुपदेशन केंद्राची नोंदणी बंधनकारक असून गर्भाचे लिंग सांगणे गुन्हा आहे. सर्वांत कठीण शिकवण दोन गोष्टींची: ऐकलेले गुप्त ठेवणे आणि निर्णय आपण न देता कुटुंबाला घेऊ देणे.

नोकऱ्या आज मुख्यतः मोठ्या शहरांतील रुग्णालयांत व तपासणी प्रयोगशाळांत आहेत, हे पालकांनी ध्यानी घ्यावे. परंतु घरात मारवाडी किंवा गुजराती आणि दुकानाच्या गल्ल्यावर मराठी बोलत वाढलेल्या मुलीपाशी या कामाचे मोठे भांडवल आधीच असते. समाजाची नाती, संकोच आणि न बोललेली भीती तिला ठाऊक असते. गिऱ्हाइकाची पत सांभाळण्याची आणि त्याची गोष्ट दुसऱ्याकडे न नेण्याची सवय तिने घरातच पाहिलेली असते. अशी मुलगी हे शिक्षण घेऊ म्हणाली, तर ‘याने स्थळ कसे मिळेल?’ असे विचारू नये. तिच्या ज्ञानामुळे कित्येक घरांची स्थळे निर्धास्तपणे जुळतील.