न भुंकलेलं कुत्रं

दहावीनंतर शाळा सुटली, वाचन सुटलं नाही. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळा पहाडच्या कथा गावात या हातातून त्या हातात फिरायच्या. बऱ्याचदा शेवटचं पानच नसायचं. मग चोर कोण, ते ज्यानं त्यानं ठरवायचं. पुढं शेरलॉक होम्स मराठीतून हाती आला.

आर्थर कॉनन डॉयलची १८९२ सालची ‘सिल्व्हर ब्लेझ’ ही गोष्ट मला फार जवळची वाटते, कारण तिच्यातले पुरावे गोठ्यातले आहेत. शर्यतीचा नामी घोडा रातोरात नाहीसा होतो. त्याला तयार करणारा स्ट्रेकर माळावर मेलेला सापडतो. तबेल्याभोवती घुटमळलेल्या एका परक्या माणसाला पोलीस धरतात.

होम्स बघतो वेगळंच. राखणीच्या पोराला जेवणातून अफू दिलेली, आणि नेमकं त्याच रात्री मसालेदार मटण. अफूची चव त्यात लपली. पण दुसऱ्याच्या घरी काय शिजावं, हे परका कसं ठरवणार? तीन मेंढरं अलीकडंच लंगडायला लागलेली. आणि घोडा सोडून नेला तरी तबेल्यातलं कुत्रं भुंकलं नाही.

नेणारा स्ट्रेकरच होता. पैशासाठी त्याला घोड्याच्या पायाची शीर हलकेच छेदायची होती. हात बसावा म्हणून आधी मेंढरांवर सराव केला. घोडा बुजला, लाथ झाडली. म्हणजे ज्याला सगळे शोधत होते, त्या घोड्यानंच मालकाचा हा माणूस मारला होता. डॉयल यातलं काही लपवत नाही. मेंढरं, मटण, कुत्रं सगळं आपल्यासमोर मांडतो. आपणच पुढच्या पानाची घाई करतो.

एका साली आमच्या विहिरीवरची मोटर चोरीला गेली. गावाबाहेर पालं ठोकून राहिलेल्या लोकांवर बोट गेलं. पोरं काठ्या घेऊन निघाली. मी आडवा झालो. म्हणालो, “विहिरीवर वाघ्या असतो. पालावरचं माणूस नुसतं वाटेनं गेलं तरी तो गाव डोक्यावर घेतो. रात्री कुणी ऐकला का?”

सगळे गप्प. शेजारची म्हातारी म्हणाली, “न्हाई बा. खोकल्यानं मी रातभर जागीच व्हते.”

काठ्या खाली आल्या. तिसऱ्या दिवशी मोटर बांधावर आणून ठेवलेली दिसली. त्या रात्रीही वाघ्या भुंकला नव्हता. मी कुणाला काही विचारलं नाही. पालं आठवड्याभरानं आपल्या वाटेनं गेली.