वस्तऱ्याचा दोष कोणाचा?

काळेवाडीतील आमच्या बिऱ्हाडी नवा वस्तरा आला. पंधरवड्यातच त्याच्या धारेस खाच दिसली. दुकानदाराने कारखान्याकडे बोट दाखविले. वास्तविक १९३० च्या मालविक्री कायद्याप्रमाणे, विकलेला माल उपयोगास योग्य असावा, ही अट सामान्यतः विक्रेत्यावर न लिहिताही असतेच. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वये दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगाकडे दादही मागता येते. पोलादास नीट पाणी दिले नसेल, तर तो भुर्दंड ग्राहकाने का सोसावा?

हे सारे घोकून आम्ही पुनः दुकानाकडे निघालो, तोच स्मरले : चार दिवसांपूर्वी तो वस्तरा आमच्याच हातून फरशीवर पडला होता. सदोष मालाची जबाबदारी विकणाऱ्याची खरी. परंतु निष्काळजी हाताची नव्हे. दुकानी गेलो, आणि पदरच्या पैशांनी दुसरा वस्तरा घेतला.