निजेची सोबत

आमच्यासारख्या ब्रह्मचाऱ्याने घोरण्याविषयी लिहावे, याचे वाचकांना हसू येईल. आम्ही घोरतो की नाही, हे आम्हांला ठाऊक नाही. धर्मगुरुनिवासात ते सांगणारे कुणी नाही. सेमिनरीच्या सामायिक शयनगृहात मात्र कोण घोरतो, हे सर्वांना ठाऊक असे. कुणीतरी अंधारात चप्पल भिरकावी आणि क्षणभर शांतता पसरे. हा विनोद आम्ही पुढे लग्नाच्या प्रवचनांत अनेकदा वापरला. मंडळी हसत.

एका रविवारी मिस्सा आटोपल्यावर एक भगिनी सॅक्रिस्तीच्या दाराशी थांबल्या. वीस वर्षांचा संसार. म्हणाल्या, "फादर, ह्यांच्या घोरण्यानं मला झोप नाही. पोरीच्या खोलीत निजायला गेले, तर सासूबाई म्हणतात, नवराबायकोनं वेगळं निजणं बरं दिसत नाही." आम्ही तत्परतेने विवाहाच्या वचनाची आठवण दिली, सहनशीलतेचे माहात्म्य सांगितले आणि हा तुमचा लहानसा क्रूस आहे, असेही म्हणालो.

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "आवाजाची सवय झालीय, फादर. पण तो मध्येच थांबतो. मी अंधारात आकडे मोजते. वीस झाले तरी श्वास नाही. मग एकदम हिसका बसून सुरू होतो. तोवर माझाच जीव जातो."

आम्ही निरुत्तर झालो. ज्या बाईला आम्ही सहनशीलता शिकवीत होतो, ती रात्रभर पतीचा श्वास राखीत बसली होती.

त्याच आठवड्यात आम्ही धर्मग्रामातील एका डॉक्टरांना भेटलो. त्यांनी समजावले, की झोपेत घशाचे स्नायू सैल पडून श्वासाची वाट अरुंद होते आणि तेथील मऊ भाग थरथरतात, तेच घोरणे. कुशीवर निजल्याने, वजन उतरवल्याने, रात्रीचे मद्य टाळल्याने पुष्कळांना आराम पडतो. परंतु श्वास दहा सेकंद वा अधिक काळ वरचेवर थांबत असेल, तर तो आजार होय. रक्तातील प्राणवायू घटतो, रक्तदाब वाढतो, दिवसा वाहन चालवतानाही डुलकी लागते. नाकावाटे हवेचा दाब देऊन ही वाट उघडी ठेवण्याचा उपाय ऑस्ट्रेलियातील डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केला. आज त्याची यंत्रे आपल्याकडेही मिळतात.

पतिराज प्रथम रागावले. "मी तर गाढ झोपतो!" हे त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. घोरणाऱ्याला स्वतःचे घोरणे ऐकू येत नाही. ते शेजारच्यानेच सांगावे लागते. आमच्या उपदेशातील उणीव तरी आम्हांला कुठे ऐकू आली होती? तीही त्या भगिनीनेच दाखवली.

आदाम गाढ निद्रेत असताना परमेश्वराने त्याला सोबतीण दिली, असे उत्पत्तीच्या पुस्तकात आहे. विवाहपूर्व शिबिरात आता आम्ही ती कथा सांगतो आणि चपलेचा विनोद गाळतो. तरुणांना म्हणतो, मध्यरात्री चिडून बोलू नका. सकाळी शांतपणे सांगा आणि दोघे मिळून डॉक्टरांकडे जा. जपमाळ एकत्र म्हणून कुणी झोपेपुरते दुसऱ्या खोलीत निजले, तर त्याने वचन मोडत नाही.

ते गृहस्थ आता यंत्र लावून निजतात. भगिनी सांगत होत्या, पहिल्या काही रात्री त्या शांततेनेच त्यांना जाग येई. मग त्या पतीच्या छातीवर हात ठेवून पाहत आणि पुन्हा झोपी जात.